‘आय-सेव्हन’ म्हणजे नेमकं काय?

माढ्याहून रोज रेल्वेने सोलापूरला कॉलेजला जाणारी मुलं वापरलेला, स्वस्त लॅपटॉप शोधतात, तेव्हा घरून एकच सूचना असते: “आय-सेव्हनच घे.” पण आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन हा इंटेलच्या प्रोसेसरचा (गणनेचं काम करणारी मुख्य चिप) एकाच पिढीतला दर्जा आहे. सहावीतला पहिला आणि बारावीतला तिसरा यांची तुलना आपण करत नाही. इथे मात्र सर्रास करतो.

पिढी पुढच्या आकड्यात असते. ६६००यू म्हणजे सहावी. आकडा १ ने सुरू झाला तर पहिले दोन अंक बघायचे, म्हणून १२१५यू ही बारावी. (ही नावं ठेवणाऱ्याने गिऱ्हाइकाचा विचार केलेला दिसत नाही.) २०१५चा आय-सेव्हन ६६००यू दोन कोअरचा (स्वतंत्र काम करणारे भाग), तर २०२२चा आय-थ्री १२१५यू सहा कोअरचा. शिवाय सहाव्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

शेवटचं ‘यू’ कमी वीज खाणारी चिप दाखवतं. रोज पाठीवर न्यायच्या लॅपटॉपला तीच बरी. पैसे देण्याआधी दुकानदाराला सेटिंग्जमधला पूर्ण क्रमांक दाखवायला सांगा.