चाकांवरची शाळा : ऑस्ट्रेलियाच्या आउटबॅकमधील कौटुंबिक प्रवास आणि गृहशिक्षण

प्रस्तावना

शिक्षण म्हणजे शाळेची इमारत, ठरलेले वेळापत्रक आणि वर्गातील शिक्षक, हे समीकरण समाजमनात पक्के रुजलेले आहे. ऑस्ट्रेलियातील काही कुटुंबे मात्र मोटारीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, जोडून कित्येक महिने देशभर प्रवास करतात आणि या काळात मुलांना आईवडीलच शिकवतात. वरवर पाहता ही एक दीर्घ सहल वाटते. वस्तुतः तिच्यामागे शतकाहून जुनी दूरशिक्षणाची परंपरा, कायद्याची चौकट आणि पालकांचे श्रम उभे असतात. या प्रथेचे स्वरूप, तिचे शैक्षणिक सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

‘आउटबॅक’ या संज्ञेला काटेकोर सीमा नाही. किनारपट्टीपासून दूर असलेला, विरळ वस्तीचा आणि बहुतांशी शुष्क असा अंतर्भाग या नावाने ओळखला जातो. त्यातील नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चौपटीहून अधिक आहे. लोकसंख्या मात्र सुमारे अडीच लाख आहे. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन हा सुमारे २,७०० किलोमीटरचा स्टुअर्ट महामार्ग या भूभागाचा कणा होय. उत्तरेकडे नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा असतो आणि अनेक कच्चे रस्ते बंद होतात. त्यामुळे प्रवासी कुटुंबे मे ते ऑक्टोबर या कोरड्या काळात उत्तर गाठतात. अशा रीतीने निसर्गच त्यांचे शैक्षणिक वर्ष आखून देतो.

दूरशिक्षणाची परंपरा

या विस्तीर्ण प्रदेशातील पशुपालकांच्या मुलांपर्यंत शाळा कशी पोहोचवावी, हा प्रश्न ऑस्ट्रेलियापुढे आरंभापासूनच होता. १९१४ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात पत्रद्वारा प्राथमिक शिक्षणास प्रारंभ झाला. १९२९ च्या सुमारास आल्फ्रेड ट्रेगर यांनी पायाने चालवावयाचा रेडिओसंच विकसित केला. तो मुख्यतः जॉन फ्लिन यांनी १९२८ मध्ये सुरू केलेल्या हवाई वैद्यकीय सेवेसाठी होता. याच जाळ्याचा उपयोग शिक्षणासाठी करता येईल, ही कल्पना शिक्षणतज्ज्ञ ॲडलेड मीथके यांनी मांडली आणि १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे ‘स्कूल ऑफ द एअर’ औपचारिकपणे सुरू झाली. पुढे रेडिओची जागा उपग्रह व आंतरजालाने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले : शिक्षक दूर असतो आणि मुलाजवळ बसून अभ्यास करवून घेणारी व्यक्ती घरातलीच असते.

कायदेशीर चौकट

प्रवासी कुटुंबांपुढे प्रामुख्याने दोन मार्ग असतात. दूरशिक्षणात मुलाचे नाव शाळेत दाखल असते. पाठ व मूल्यमापन शाळेचे आणि देखरेख पालकांची. गृहशिक्षणात अभ्यासाची आखणीच पालक करतात. परंतु त्यासाठी शासनाकडे नोंदणी करावी लागते. नियम राज्यागणिक भिन्न आहेत. उदाहरणार्थ, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात १९९९ च्या शालेय शिक्षण कायद्यान्वये नेमलेला अधिकारी मुलाच्या प्रगतीचे नियमित मूल्यमापन करतो. म्हणजेच येथे शाळा सोडण्याची मुभा आहे, शिक्षण सोडण्याची नाही. हा भेद या प्रथेच्या केंद्रस्थानी आहे.

मार्ग हाच अभ्यासक्रम

सामान्यतः सकाळचे दोन-तीन तास भाषा व गणित यांसाठी राखले जातात. उर्वरित शिक्षण प्रवासातून घडते. दोन इंधन पंपांत २५० किलोमीटरचे अंतर आहे, कॅरॅव्हॅन ओढताना गाडी शंभर किलोमीटरला १८ लिटर इंधन घेते आणि टाकीत ७० लिटर आहे. तर पुढच्या पंपावर पोहोचताना किती उरेल? हे गणित वहीतलेच आहे. परंतु त्याचे उत्तर चुकल्यास कुटुंब उन्हात अडकून पडते. पाण्याचा हिशेबही याच जातीचा.

इतिहासाचे पाठ वाटेवरच भेटतात. ॲलिस स्प्रिंग्ज येथील तारघर १८७२ मध्ये पूर्ण झालेल्या ॲडलेड–डार्विन तारमार्गाची साक्ष देते. १८६० च्या बर्क-विल्स मोहिमेसाठी कराची बंदरातून उंट व उंटचालक नेण्यात आले होते. पुढे बलुचिस्तान, सिंध, पंजाब व अफगाणिस्तानातील उंटचालकांनी अंतर्भागातील मालवाहतूक पेलली. भारतीय वाचकाला हा दुवा निश्चितच लक्षणीय वाटेल.

उलुरू या ३४८ मीटर उंच शिळेपाशी भूगोलाचा पाठ नीतिशास्त्राकडे वळतो. १९८५ मध्ये तिची मालकी अनांगू या मूळनिवासी लोकांना परत देण्यात आली आणि त्यांच्या श्रद्धेचा मान राखून २६ ऑक्टोबर २०१९ पासून तिच्यावर चढणे बंद झाले. ‘चढता येत असूनही का चढू नये?’ या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकातील एका वाक्यात मावत नाही. काकाडूमध्ये तेथील मूळनिवासी सहा ऋतू मानतात. भारतीय षड्ऋतूंप्रमाणेच तेथेही वारा, फुलोरा व प्राण्यांच्या हालचालींवरून काळ ओळखला जातो. पंचांग हे भूमीतून जन्मते, हे तत्त्व मुलांना येथे प्रत्यक्ष उमगते.

मर्यादा

या प्रथेचे गौरवीकरण करणे मात्र युक्त नव्हे. समवयस्कांचा सततचा सहवास, प्रयोगशाळा आणि उच्च माध्यमिक स्तरावरील विषयतज्ज्ञ यांची उणीव राहते. आई किंवा वडील एकाच वेळी चालक, स्वयंपाकी आणि शिक्षक असतात; त्या शिणवट्याचा परिणाम पाठावर होतोच. मूल वाचनात मागे पडत असेल, तर नियमित मूल्यमापनाअभावी ते उशिरा लक्षात येण्याचा धोका संभवतो.

याहून गंभीर प्रश्न विषमतेचा आहे. बचत, रजा आणि सुशिक्षित पालक असलेल्या कुटुंबाच्या भटकंतीला ‘अनुभव’ म्हटले जाते. त्याच आउटबॅकमधील दुर्गम वस्त्यांत राहणाऱ्या मूळनिवासी मुलांचे शाळेबाहेर असणे मात्र ‘अनुपस्थिती’ म्हणून नोंदले जाते. त्यांच्या भूमीविषयक ज्ञानाला अभ्यासक्रमात स्थान मिळवण्यासाठी झगडावे लागते. महाराष्ट्रातही ऊसतोडणीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले रस्त्यावरच असतात. त्यांच्यासाठी साखरशाळांचे प्रयोग झाले, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा बदलण्याचा हक्कही दिला. तरी त्यांचा प्रवास शिक्षणाला पूरक न ठरता बहुधा मारकच ठरतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्रवास आपोआप शिकवत नाही. मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी कोणाची हे निश्चित असेल, दूरवर का होईना शिक्षक जोडलेला असेल आणि जवळ बसून शिकवणारे माणूस असेल, तरच रस्ता शाळा होतो. आउटबॅकमधील कॅरॅव्हॅनच्या टेबलावर हे तिन्ही घटक एकत्र येतात. ऊसतोड कामगारांच्या कोपीपर्यंत ते कसे पोहोचवावेत, हा या अभ्यासातून उभा राहणारा प्रश्न आहे आणि शिक्षणशास्त्राच्या अध्यापकांनी त्याचा गांभीर्याने विचार करणे अगत्याचे आहे.