इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील लेखनकार्य व संस्कृतीचा आशय

इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांत कोणाची संस्कृती असावी, ह्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा धड्यांपुरतीच होते. कोर्टाझी व जिन ह्यांनी १९९९ साली केलेले वर्गीकरण अभ्यासकांस परिचितच आहे : शिकणाऱ्याची स्वतःची संस्कृती, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांची संस्कृती, आणि जगात इतरत्र जेथे इंग्रजी वापरली जाते तेथील नानाविध संस्कृती. पात्रांची नावे, गावे, सण ह्या बाबतींत आपली पुस्तके पुष्कळ स्वदेशी झाली आहेत. धड्याखालील लेखनकार्याकडे मात्र ह्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते.

वस्तुतः संस्कृतीचा खरा संबंध येतो तो येथेच. धडा वाचताना विद्यार्थी श्रोता असतो. लिहिताना त्यास स्वतः बोलावे लागते. पत्रलेखनाचे उदाहरण घेऊ. मराठीत 'तीर्थरूप', 'सा. न. वि. वि.' एवढ्यानेच लिहिणाऱ्याचे वय, नाते व आदर सांगून होतो. इंग्रजीत आत्या, मामी, मावशी आणि काकू ह्या चौघींस एकच 'आंट' पुरते, आणि 'तू' व 'तुम्ही' ह्यांतील भेद तर नाहीसाच होतो. मग आदर दाखवावयाचा कसा? 'कुड', 'वुड' ह्यांसारख्या क्रियारूपांनी, विनंतीपूर्वी कारण सांगून, नकारास वाट मोकळी ठेवून. पत्ता व दिनांक कोठे लिहावा हे वर्गात कसोशीने शिकविले जाते. हा व्यवहार शिकविला जात नाही. वडीलधाऱ्यांस लिहिलेले पत्र व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही उद्धट का वाटते, ह्याचे उत्तर येथे सापडते. भिन्न संस्कृतींत परिच्छेदरचनाही भिन्न असते, असे रॉबर्ट कॅप्लन ह्यांनी १९६६ साली मांडले. त्यांच्या आकृत्या फारच ठोकळ होत्या, आणि त्यांवर झालेली टीका रास्त होती. तथापि प्रश्न मोलाचा होता.

दुसरी अडचण आशयाची. 'दिवाळी' किंवा 'माझा आवडता सण' हा विषय स्वदेशी खरा. परंतु लिहिणारा व वाचणारा दोघेही दिवाळी जाणतात. सांगण्यासारखे काहीच उरत नाही, आणि विद्यार्थी मार्गदर्शिकेतील परिच्छेद पाठ करतो. त्यास दोष देणे अन्यायाचे होईल.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात ह्यावर उपाय जवळच आहे. २००२ साली महानगरपालिका झालेल्या ह्या वस्तीत उत्तन, चौक, पाली येथील कोळी, त्यांतील ख्रिस्ती कुटुंबे, जुने आगरी, आणि मुंबईच्या विस्ताराबरोबर आलेली गुजराती, राजस्थानी व उत्तर भारतीय कुटुंबे एकत्र नांदतात. उत्तनच्या मुलास परिचित असलेली बोंबील वाळविण्याची रीत मीरा रोडच्या इमारतीत वाढलेल्या त्याच्या सहाध्यायास ठाऊक असेलच असे नाही. नारळी पौर्णिमेस समुद्रात नारळ का सोडतात, पावसाळ्यात मासेमारी का थांबते, हे त्यास समजावून देताना इंग्रजीची गरज कृत्रिम राहत नाही. 'नारळी पौर्णिमा' हा शब्द तसाच ठेवून पुढे अर्थ जोडावा, की 'कोकोनट डे' म्हणावे, हा निर्णयही लेखकास घ्यावा लागतो. आमच्या मते पहिला मार्ग चांगला. दुसऱ्यात सणाचा केवळ मुखवटा उरतो.

ज्यांवर भाईंदरची जुनी उपजीविका अवलंबून होती ती मिठागरे कर्मणी प्रयोगाच्या अभ्यासास अत्यंत सोयीची आहेत : भरतीचे पाणी आत घेतले जाते, उथळ वाफ्यांतून क्रमाने फिरविले जाते, उन्हाने आटविले जाते, मीठ ओढून त्याच्या राशी केल्या जातात. माहितीचे आकृतीत रूपांतर करावयाचा जो प्रकार दहावीस असतो, त्यास ह्याहून सरस सामग्री शोधावी लागू नये.

अडचण शेवटी गुणदानाची आहे. राज्यभर एकच प्रश्न व एकच आदर्श उत्तर असेल, तर उत्तनचा बोंबील परीक्षकास अनोळखी वाटतो, आणि शिक्षकही वर्गात सुरक्षित विषयाकडे वळतो. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण शाळेच्या हाती असतात. अशा लेखनाची सुरुवात तेथून करता येईल. मात्र त्यासाठी उत्तर कोणास उद्देशून लिहिले आहे व त्या वाचकास ते उमगेल काय, ह्यास गुणपत्रिकेत स्वतंत्र रकाना द्यावा लागेल.