बंदुकीच्या खेळातली सोंगे

यंदाच्या उन्हाळी शिबिरात १२ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आम्ही एक नवा उपक्रम ठेवला आहे. अनेकांनी मिळून संगणकावर खेळायचा बंदुकीचा खेळ मुलांनी आखायचा, मात्र कागदावर. प्रत्येक पात्र खेळाडूला हवे तसे सजवता आले पाहिजे, ही अट मुलांचीच. ‘मंडळाच्या शिबिरात बंदुका कशाला?’ असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण हे खेळ मुले खेळतातच. ते कसे बांधलेले असतात हे मुलांना कळावे आणि त्यांसाठी आपल्याकडे पैसे नेमके कशाचे मागितले जातात हे आपल्याला कळावे, म्हणून हा लेखप्रपंच.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा खेळ आला. त्यात चार जण नेटवर्कवरून एकमेकांशी लढू शकत. चौघांचे सैनिक एकसारखे, फरक फक्त चिलखताच्या रंगाचा. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये खेळाडू स्वतः रंगवलेली चित्रे पात्रांवर चढवू लागले. त्यांना ‘स्किन’ म्हणत. तो शब्द आजही आपल्या मुलांच्या तोंडी आहे. एका रंगापासून सुरू झालेली ही सजावट आता टोपी, चेहरा, चाल, नाच आणि शस्त्रावरच्या नक्षीपर्यंत गेली आहे. ती समजून घ्यायला तीन वेगळे रकाने करावे लागतात: रूप, बळ आणि पैसा.

रूप

धावपळीच्या खेळात समोरच्याला ओळखायला क्षणभरच मिळतो. २००७ साली व्हॉल्व्ह कंपनीचा ‘टीम फोर्ट्रेस २’ आला, तेव्हा त्याच्या चित्रकारांनी आणि तंत्रज्ञांनी आपली पद्धत एका शोधनिबंधात मांडली. त्यांच्या मते खेळाडूला तीन प्रश्नांची उत्तरे झटकन मिळाली पाहिजेत. हा आपला की परका? ते कपड्यांचा लाल किंवा निळा रंग सांगतो. हा नऊ पात्रांपैकी कोण? ते शरीराची बाह्याकृती सांगते. याच्या हातात काय आहे? त्यासाठी पात्राचा रंग पायाशी गडद आणि छातीशी उजळ ठेवला, म्हणजे नजर आपोआप शस्त्राकडे जाते.

आपण गणपती कधी फेट्यात बसवतो, कधी सैनिकाच्या वेषात, तरी सोंड आणि पोट पाहून लहान मूलही त्याला ओळखते. पात्राचेही तसेच आहे. २००९ मध्ये याच खेळात टोप्या आल्या, पण त्यांनी मूळ आकृती फारशी बिघडत नव्हती. शिवाय टोपी कितीही उंच असली तरी गोळी लागली की नाही हे ठरवणारे अदृश्य माप डोक्याचेच राहते. पोशाख बदलला म्हणून ते माप बदलता कामा नये, हा मुलांनी लक्षात ठेवण्याचा पहिला नियम.

नियम मोडला की काय होते? ‘कॉल ऑफ ड्यूटी: वॉरझोन’मध्ये ‘रोझ’ नावाच्या पात्राचा एक काळाकुट्ट पोशाख होता. तो घालून अंधाऱ्या कोपऱ्यात उभे राहिले की दिसतच नसे. साहजिकच जो तो तोच पोशाख घालू लागला. खेळाडूंच्या तक्रारींनंतर २०२१ मध्ये निर्मात्यांना तो उजळ करावा लागला.

रूपाचा आणखी एक पदर आपल्या मुलांच्या फार जवळचा आहे. आपल्यासारखा वर्ण, आपल्यासारखे नाव असलेले पात्र खेळात भेटते का? २०१६ च्या ‘ओव्हरवॉच’मध्ये ‘सिमेट्रा’ ही भारतीय स्त्री आहे. तिचे खरे नाव सत्या वासवानी. तिच्या पोशाखांपैकी एक ‘देवी’ नावाचा होता आणि त्याच वर्षी अमेरिकेतून त्यावर धार्मिक आक्षेपही घेतला गेला. याउलट ‘रस्ट’ या खेळाने २०१५ पासून प्रत्येक खेळाडूला वर्ण आणि चेहरा आपणच नेमून दिला. तो बदलण्याची सोय ठेवली नाही. एका खेळात निवड, दुसऱ्यात नशीब! आपल्या मुलांच्या खेळात यांपैकी काय असावे, यावर शिबिरात वाद व्हावा अशी आमची इच्छा आहे. शाळेत आपण वेगळे दिसतो हे रोज अनुभवणारी मुले या विषयावर आपल्याला बरेच शिकवतील.

बळ

सजावट केवळ दिसण्याची नसते. ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ने २००७ मध्ये खेळाडूला शस्त्र, जोडसाहित्य आणि तीन खास गुण निवडून आपला लढवय्या घडवू दिला. कल्पना छान, पण गणित पाहा. समजा, मुलांनी ३० शस्त्रे, प्रत्येकाला १० जोडवस्तू आणि २० गुण ठेवले. वीसांतून तीन गुण १,१४० प्रकारे निवडता येतात. म्हणजे एकूण ३,४२,००० प्रकारचे लढवय्ये झाले. त्यांच्यातल्या जोड्या ५,८०० कोटींहून अधिक! इतक्या लढती कोणीही तपासू शकणार नाही. म्हणून प्रयोगशाळेतली शिस्त इथेही पाळावी: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम नोंदवावा.

दुसरी युक्ती म्हणजे प्रत्येक फायद्याला किंमत ठेवणे. ‘टीम फोर्ट्रेस २’मधला ‘हेवी’ ३०० गुणांइतका मार सोसतो, पण रेंगाळत चालतो. ‘स्काउट’ वाऱ्यासारखा पळतो, पण १२५ गुणांतच आटोपतो. एखादी निवड सगळेच करू लागले तर ती निवड उरत नाही. खेळात कुठेतरी तोल गेला आहे असे समजावे.

पैसा

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही. ‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये २०१० साली दुकान उघडले आणि २०११ मध्ये मूळ खेळ फुकट झाला. २०१७ च्या ‘फोर्टनाइट’नेही हाच मार्ग धरला: खेळ फुकट, पोशाख विकत. विकत मिळते ते केवळ रूप असेल, तर गरीब-श्रीमंत मुले बरोबरीने खेळतात. बळ विकायला काढले की खेळ संपला.

रूपाच्या विक्रीतही सावध राहावे. आत काय निघेल हे न सांगता पेटी विकणे ही सोडतच झाली. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये ‘ओव्हरवॉच’, ‘फिफा १८’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ यांतील अशा पेट्या जुगारात मोडतात असा निर्णय दिला. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘फोर्टनाइट’ची निर्माती एपिक गेम्स हिच्याशी एकूण ५२ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. त्यांपैकी २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत करण्यासाठी होते. बटणांच्या फसव्या मांडणीमुळे नको असलेली खरेदी होते, असा आरोप होता.

तेव्हा घरी पुढची मागणी आली की रागावण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. यामुळे फक्त दिसणे बदलते की बळही वाढते? पैसे देण्याआधी वस्तू दिसते का? आणि ती नसेल तर मित्र खेळायला घेतात का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर मुद्दा टोपीचा नाही. मुलाशी निवांत बसून बोलायची ती वेळ आहे.

शिबिरासाठी मुलांनी चौकटीचे कागद, रंगीत पेन्सिली आणि दोन फासे आणावेत. पालकांनीही अवश्य यावे. खेळ तपासायला प्रतिस्पर्धी लागतातच.