ऊब मिळाली तरच टिकणारा थर

कॅमेऱ्याचं भिंग तिरपं धरलं की त्यात जांभळट झाक दिसते. हा काचेचा रंग नव्हे; तिच्यावर चढवलेल्या, सुमारे १०० नॅनोमीटर जाडीच्या मॅग्नेशियम फ्लोराइडच्या थराची ती खूण आहे.

उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून जवळपास ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. सहा सुटी भिंगं म्हणजे १२ पृष्ठभाग. शेवटी पोचतो जेमतेम ६० टक्के. थराची जाडी त्यातल्या प्रकाशलहरीच्या पाव लांबीइतकी ठेवली, तर थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. जाडी हिरव्या प्रकाशासाठी बेतलेली असते, म्हणून तांबडा-निळा थोडा उरतो आणि जांभळा दिसतो.

येनाच्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये ही युक्ती साधली. जर्मन लष्कराने ती गुपित ठेवली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जॉन स्ट्राँग यांनी कॅल्शियम फ्लोराइड वापरून स्वतंत्रपणे तेच केलं. पण हे सुरुवातीचे थर नाजूक होते, पुसताना निघून येत.

खरी कसोटी इथेच आहे. नेहमीच्या काचेसाठी थराचा अपवर्तनांक १.२३ हवा, मॅग्नेशियम फ्लोराइडचा १.३८ आहे. तरीही तेच निवडलं गेलं, कारण ते कणखर होऊ शकतं. निर्वात कक्षात मॉलिब्डेनमच्या पात्रात त्याचे खडे विजेने तापवून त्यांची वाफ करतात. काच थंड असेल तर रेणू पडतील तिथेच थिजतात. उभे खांब तयार होतात आणि मधल्या फटींत ओलावा शिरतो. काच ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली की रेणूंना सरकून नीट बसायला सवड मिळते, थर दाट आणि टणक होतो. परावर्तन ४ वरून दीड टक्क्याच्या आत येतं. शून्य नाही, पण वर्षानुवर्षं टिकणारं. माझ्या मते हीच तडजोड या पदार्थाचं मोठेपण.

हबल दुर्बिणीच्या मुख्य आरशावर त्याचं काम वेगळं आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइड चढला की दूरच्या अतिनील किरणांचं परावर्तन ढासळतं. म्हणून ॲल्युमिनियमवर २५ नॅनोमीटर मॅग्नेशियम फ्लोराइडचं कवच आहे.

तुमच्या भिंगावरचा थर कितीही टणक असला, तरी धूळ काचेवर घासू नका. आधी फुंकणीने उडवा, मगच मऊ कापड लावा.