पोपटांच्या पुस्तकांच्या शोधात

आमच्या घरी पोपट आला तो अगदी योगायोगाने. शेजारचे कुटुंब ओहायो सोडून ॲरिझोनाला निघाले आणि जाताना आपला कॉकटिएल पिंजऱ्यासकट आमच्या मुलीच्या हवाली करून गेले. कॉकटिएल हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, डोक्यावर तुरा असलेला राखी पक्षी. खरे तर काकाकुव्याच्या कुळातला. पण माझ्या आईने साताऱ्याहून फोनवरच त्याचे बारसे केले, ‘मिठू’.

मी पडलो इंजिनिअर. कुठलीही वस्तू घरात आली की आधी मॅन्युअल वाचायचे, ही जुनी खोड. गावच्या लायब्ररीने काढलेल्या पुस्तकांच्या विक्रीत पोपट पाळण्याविषयीची एक पुस्तिका एका डॉलरला मिळाली. सूर्यफुलाच्या बिया, थोडे बारीक धान्य आणि स्वच्छ पाणी एवढे दिले की झाले, असे तिच्यात होते. आम्ही इमानेइतबारे तेच केले. चार वर्षांनी मिठू पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसू लागला. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, यकृतात चरबी साठली आहे आणि ‘अ’ जीवनसत्त्व पोटात गेलेलेच नाही. आठवड्याभरात तो गेला. नीट सांभाळलेला कॉकटिएल पंधरा-वीस वर्षे जगतो. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती एवढेच म्हणाली, “बाबा, पण पुस्तकात तसंच लिहिलं होतं ना?”

त्या रात्री मी पुस्तिकेचे प्रकाशनाची माहिती असलेले पान प्रथमच पाहिले. साल होते १९६१. जो माणूस ऑफिसात जुन्या व्हर्जनची मॅन्युअल्स वापरणाऱ्यांवर डाफरतो, त्याने हे करावे! तेव्हापासून पोपटांची चांगली पुस्तके शोधण्याचा नाद लागला, तो आजतागायत.

आपल्यापैकी कुणाला मुलांसाठी पक्षी घ्यायचा असेल तर जोपासनेचे पुस्तक शक्य तितके नवे घ्या. दोन-तीन गोष्टी उघडून पाहायच्या. नुसत्या बियांवर पक्षी ठेवू नये हे त्यात आहे का? ॲव्होकाडो पोपटांना विषारी असतो, हे आहे का? आणि नॉनस्टिक तवा फार तापला की त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो, हे आहे का? आपल्या घरांत डोसे-धिरडी होतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. (हिरव्या मिरचीची मात्र काळजी नको. तिखटपणा जाणवून देणारी आपल्यासारखी संवेदना पक्ष्यांना नसते. आजीच्या राघूने मिरची मिटक्या मारत खाल्ली, ती काही शौर्यापोटी नव्हे.) अमेरिकेने १९९२ मध्ये रानपक्ष्यांच्या आयातीवर कायद्याने कडक बंधने घातली. त्याआधीच्या बऱ्याच पुस्तकांत रानातून पकडून आणलेला, घाबरलेला पक्षी गृहीत धरलेला असतो, म्हणून त्यांतले माणसाळवण्याचे उपायही जपून घ्यावेत.

संग्रहाची गोष्ट निराळी. तिथे जुनेपणाच मोलाचा. जोसेफ फोरशॉ यांचे ‘पॅरट्स ऑफ द वर्ल्ड’ हे या छंदाचे दैवत. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात निघालेला हा ग्रंथ मांडीवर घेऊन वाचता येत नाही, टेबलच लागते. विल्यम कूपर यांची चित्रे पाहताना पिसांवरून बोट फिरवावेसे वाटते. १९७७ मध्ये न्यू जर्सीच्या एका प्रकाशकाने लहान आकारात त्याचे पुनर्मुद्रण केले. वाचायला ते पुरेसे आहे, स्वस्तही पडते. फसगत होते ती दुसरीकडे. फोरशॉ यांचेच, जवळजवळ त्याच नावाचे एक पुस्तक २००६ मध्ये निघाले. पण ते पक्षी ओळखण्यासाठीचे आणि चित्रे फ्रँक नाइट यांची. पुस्तक वाईट नाही, पण मागवले एक आणि आले दुसरे, असा प्रसंग माझ्यावर आला आहे. तेव्हा नावाबरोबर साल आणि चित्रकारही विचारून घ्या. सगळ्या जाती एका खंडात हव्या असतील तर १९९८ चे ज्युनिपर आणि पार यांचे पुस्तक अजून उपयोगी पडते.

एडवर्ड लिअरचा ग्रंथ मात्र आपल्या ऐपतीबाहेरचा. बालगीते रचणारा हाच तो लिअर. अठराव्या वर्षी, १८३० मध्ये, त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात बसून पोपट रेखाटायला घेतले. भुसा भरलेल्या कातड्यांवरून नव्हे, तर जिवंत पक्ष्यांवरून; रखवालदार पक्षी धरून ठेवी आणि हा मापे घेई. शिळेवर स्वतःच चित्र काढायचे, १७५ प्रती छापायच्या आणि शिळा पुसून टाकायची. दोन वर्षांत ४२ चित्रे झाली. त्यांतल्या एका निळ्या मकाऊला त्याने हायसिंथ मकाऊ समजून तेच नाव दिले. पुढे १८५६ मध्ये बोनापार्ट या पक्षितज्ज्ञाने तो वेगळा असल्याचे ओळखून त्याला लिअरचे नाव दिले. पण तो राहतो कुठे हे कुणालाच ठाऊक नव्हते. अखेर १९७८ मध्ये हेल्मुट झिक यांना तो ब्राझीलच्या बाहिया प्रांतात सापडला. म्हणजे चित्र आधी आणि पत्ता जवळजवळ दीडशे वर्षांनी!

आपल्याकडच्या पोपटांसाठी सलीम अली आणि रिप्ले यांच्या दहा खंडी हँडबुकचा तिसरा खंड पाहावा, आणि मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’. कीर, तुईया हे शब्द माझ्या मुलीला त्यातूनच कळले. क्लीव्हलंडच्या कला संग्रहालयात अकबराच्या काळातला सचित्र ‘तूतीनामा’ आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद १९७८ मध्ये निघाला. रात्रीमागून रात्र गोष्टी सांगून घरच्या बाईला बाहेर पडू न देणारा तो पोपट मूळ संस्कृत ‘शुकसप्तती’तला. तिचा मराठी अवतार म्हणजे ‘शुकबहात्तरी’. गंमत अशी की ती रिचर्ड श्मिट या जर्मन पंडिताने १८९७ मध्ये लाइपझिगला जर्मन भाषांतरासह छापली. मला मात्र मराठी मुलखात छापलेली जुनी प्रत हवी आहे. येत्या सुट्टीत आपण घरी गेलात आणि आजोबांचे कपाट रद्दीत निघायच्या बेतात असेल, तर एकवार डोकावून पाहा. टपालखर्च मी देईन. प्रत वाळवीने खाल्लेली असली तरी चालेल.