पिकअप घेतली, आता जपायची कशी? दादाच्या गाडीचा हिशोब

ज्यांना हेडफोन लावून पूर्ण एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना मी जरा भरकटतो, म्हणून इथे थोडं आवरून लिहिलंय.

आधी माझ्याबद्दल. मी बीटेक केलेला सॉफ्टवेअरवाला, गाव परभणी जिल्ह्यातलं, नोकरी पुण्यात. गाड्यांचा मेकॅनिक नाही. पण तीन वर्षांपूर्वी दादाने सेकंडहॅंड पिकअप घेतली, त्याचं डाउन पेमेंट माझ्या पगारातून गेलं, म्हणून कागदावर मी नसलो तरी मनाने अर्धा मालक मीच. दादा सोयाबीन, कापूस, खत, लग्नाचे मंडप, जे मिळेल ते वाहतो. घर त्यावर चालतं.

मागच्या सीझनला मी सुट्टीवर आलो होतो. जिंतूरकडून परभणीला सोयाबीन घेऊन यायचं होतं. चाळीस कट्टे, पन्नास-पन्नास किलोचे. मी म्हणालो, "दादा, जास्त होत नाही का?" तो म्हणाला, "अरे, गाडी ओढायलीय की! नवीन पाटा टाकलाय ना." त्या पाट्याचे पैसे मीच फोनवरून पाठवले होते, त्यामुळे मी गप्प बसलो.

जिंतूरच्या डोंगराच्या उतारावर जळका वास यायला लागला. मग ब्रेकचं पेडल मऊ झालं, आणि पुढच्या वळणाआधी ते खाली फळीला टेकलं. दादाने गिअर खाली मारला, हॅंडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कडेच्या मातीत घुसवून थांबवली. पाच मिनिटं आम्ही दोघंही एक शब्द बोललो नाही. समोरून शाळेची पोरं सायकलवर येत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडी खालून बघितली आणि मला म्हणाला, "इंजिनिअर साहेब, ब्रेक गेले नव्हते. तुम्ही घालवले होते." त्याला काय म्हणायचं होतं, तोच आजचा विषय.

पहिलं गणित: माल किती बसतो?

गाडीत किती माल "मावतो" आणि किती "चालतो" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरसी उघडा. त्यावर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन. आमच्या गाडीचे आकडे गोल करून सांगतो: एकूण २,९९० किलो, रिकामी १,६९० किलो. वजाबाकी १,३०० किलो. पन्नासचे सव्वीस कट्टे.

पण थांबा. रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि हमाल धरलेले नसतात. त्यांचे १४० किलो. दादाने मागे लोखंडी पिंजरा बसवून घेतला होता, १२० किलो. हौद्यात जाड पत्रा टाकला, ६० किलो. ताडपत्री, दोर, जॅक, पान्हे धरून ३०. बेरीज ३५० किलो. उरले ९५०, म्हणजे फक्त १९ कट्टे!

आपण गाडी "मजबूत" करायला जे जे लोखंड लावतो, ते मालाच्या जागेतूनच वजा होतं. त्यामुळे काहीही बसवण्याआधी एकच प्रश्न विचारा: याचं वजन किती? शिवाय कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. हौद्याची उंची वाढवायची असेल तर आधी आरटीओत विचारा, मग वेल्डिंगवाल्याकडे जा.

आम्ही त्या दिवशी १९ च्या जागी ४० कट्टे घेऊन उतरत होतो. एक टनापेक्षा जास्त ओव्हरलोड. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याचा दंड २०,००० रुपये, आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी २,०००.

दुसरं: पाटा वाढवला म्हणजे ताकद वाढत नाही

हा मुद्दा मला स्वतःला माहीत नव्हता. बहुतेकांना नसतो.

पाटा वाढवला की गाडी मागून कमी बसते, त्यामुळे वाटतं की वजन पेललं. पण चेसिस, एक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. आरसीवरचा आकडा या सगळ्यांत जो कमजोर आहे त्याच्या हिशोबाने ठरतो. कोडच्या भाषेत सांगायचं तर एकाच सर्व्हरची रॅम वाढवली, पण नेटवर्कची वायर जुनीच.

आता खरी गोम. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो. तो एका दांडीने मागच्या एक्सलला जोडलेला असतो. माल भरला की गाडी खाली बसते, दांडी हलते, व्हॉल्व्हला कळतं की वजन आहे, आणि तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की कमी देतो, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. साधं यांत्रिक सेन्सर.

पाटा वाढवल्यावर गाडी बसतच नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे! मग मागे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि ते तापतात. आमच्या गाडीत तर ती दांडी कुणीतरी तारेने बांधून ठेवली होती.

म्हणून, पाट्याचं कुठलंही काम झालं की मिस्त्रीला सांगा: "व्हॉल्व्हची दांडी तपास आणि कंपनीच्या मापाने सेट कर." एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी आजचा एपिसोड वसूल.

तिसरं: ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवीन डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. तेच पाणी शोषलेलं असलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. उतारावर ब्रेक धरून ठेवले की उष्णता ऑइलपर्यंत पोचते, ते उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पेडल मऊ होऊन खाली जातं. आमचं ऑइल चहासारखं झालं होतं. गाडी घेतल्यापासून बदललंच नव्हतं.

दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, फक्त वरून भरू नका. डॉट ३ की डॉट ४ हे टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. सोबत मागचे लायनर आणि व्हील सिलेंडरची गळती बघून घ्या.

आणि ड्रायव्हिंगची सवय. ज्या गिअरमध्ये चढ चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे खूप आहेत. आजच्या इंजिनमध्ये गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेलचा पुरवठा बंद होतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे न्यूट्रलने बचतही होत नाही. आणि इंजिनच बंद केलं, तर ब्रेकची व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही जड होतं. हे कधीच करू नका.

चौथं: माल कुठे ठेवायचा

जड कट्टे केबिनच्या बाजूने आणि मागच्या एक्सलच्या पुढे ठेवा. हौद्याचा जो भाग एक्सलच्या मागे लोंबतो, तिथे जड माल टाकला की तराजूसारखं होतं: मागचं दबतं, पुढचं उचलतं, स्टीअरिंग हलकं लागतं. हलकं स्टीअरिंग चालवायला सोपं वाटतं, पण पुढच्या चाकांची पकड कमी झालेली असते.

कापसाची गोष्ट उलटी. वजन कमी, पण उंची भरपूर. वळणावर गाडी कलते आणि गावातल्या लोंबकळणाऱ्या विजेच्या तारांचा धोका वेगळाच. कापूस भरला की वेग कमी, दोर दोन्ही बाजूंनी तिरके, आणि वर माणूस बसवायचा नाही.

पाचवं: टायर, पाणी, हवा

टायरच्या कडेवर चार आकड्यांचा कोड असतो. ३२२३ म्हणजे २०२३ सालातला ३२ वा आठवडा. सेकंडहॅंड गाडी घेताना हे आधी वाचा, नक्षी चांगली दिसली तरी टायर म्हातारा असू शकतो. दुसरा आकडा लोड इंडेक्सचा. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो. स्वस्त मिळाला म्हणून कारचा टायर पिकअपला लावू नका. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बदला. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. स्टेपनीचीसुद्धा!

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरू नका, त्यातले क्षार आत थर धरतात. कूलंटच भरा, आणि गरम गाडीचं झाकण उघडायला जाऊ नका. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत एअर फिल्टर दर आठवड्याला बघा. हवा मारायची तर आतून बाहेर आणि कमी दाबाने, नाहीतर धूळ कागदात आणखी रुतते.

एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ गाडी असेल तर दोन गोष्टी. धुराच्या फिल्टरचा दिवा लागला की दुर्लक्ष करू नका. नुसतं गावातल्या गावात फिरून तो फिल्टर स्वच्छ होत नाही, अधूनमधून हायवेवर एकसारख्या वेगाने गाडी चालवावी लागते. आणि ज्या गाडीला डीईएफची वेगळी टाकी आहे, तिच्यात शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकू नका. डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरियाच असतो हे खरं, पण तो शुद्ध असतो आणि पाणीही क्षार काढलेलं असतं. खताच्या युरियाने पूर्ण यंत्रणा बसते.

सहावं: कागद

मालवाहू गाडीचं फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. लायसन्सबद्दल गोंधळ होता, तो सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिटवला: साधं हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो.

पण विम्याचं नीट ऐका. मालासोबत बसलेला मालाचा मालक विम्यात धरला जातो. वऱ्हाड किंवा जत्रेची माणसं धरली जात नाहीत. काही झालं तर भरपाई गाडीमालकाच्या शेतावर येते. पाहुण्यांना हे तोंडावर सांगायला जड जातं, पण सांगा.

आणि मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी चमकणारी पट्टी. रात्री रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडली की हीच पट्टी तुमचा जीव वाचवते.

मग परवडतं का?

दादाने हाच प्रश्न विचारला. "तुझं गणित बरोबर, पण १९ कट्ट्यांत डिझेल तरी निघतं का?"

मी फोनवर शीट उघडली. जाऊन-येऊन साधारण ९० किलोमीटर, १२ चं ॲव्हरेज, साडेसात लिटर, ९५ ने धरलं तर ७१० रुपये. कट्ट्याला ४० रुपये भाडं. चाळीस कट्टे: १,६००, हातात ८९०. १९ कट्टे: ७६०, हातात ५०. दादा बरोबर होता. नुसता नियम पाळून घर चालत नाही.

मग आम्ही दोन बदल केले. पिंजरा उतरवला, १२० किलो परत मिळाले, २१ कट्टे बसायला लागले. आणि परभणीहून जाताना रिकामं जायचं बंद केलं. खताच्या दुकानदारांशी बोलून जातानाचा माल ठरवला, डीएपीच्या पन्नास किलोच्या २१ बॅगा, ३० रुपयांनी. ८४० अधिक ६३०, वजा ७१०. हातात ७६०.

८९० आणि ७६०. फरक १३० रुपये. खताचा माल रोज मिळत नाही हेही खरं. पण जास्तीच्या वजनाने टायर, लायनर, क्लच किती लवकर जातात ते यात धरलेलंच नाही. दंडही नाही.

आता आमची शेअर केलेली शीट आहे. किलोमीटर, डिझेल, काय बदललं, कधी बदललं. दादा व्हॉइस नोट पाठवतो, मी भरतो. ग्रीसिंगची तारीख आली की मी फोन करतो, तो चिडतो, पण करून घेतो.

सीझनच्या गर्दीत तो अजूनही कधी पंचवीस टाकतो, मला माहितीय. मी भांडतो. पण चाळीस पुन्हा कधी टाकले नाहीत. विचारलं तर कारण सांगत नाही, एवढंच म्हणतो, "ती सायकलवाली पोरं."

तुमच्या घरी पिकअप असेल तर आज एकच काम करा. आरसी काढा, वजाबाकी करा, आणि जो आकडा येईल तो केबिनमध्ये मार्करने लिहून ठेवा. तुमचा आकडा किती आला ते व्हॉइस नोटवर कळवा, पुढच्या एपिसोडमध्ये घेऊ. भेटूया!