मक्याची भूक (लेखांक ५) : शेणखताचं काम, युरियाचं काम

मक्याला शेणखत आणि रासायनिक खत एकत्र द्या, ही शिफारस अनेकांना तडजोड वाटते. सेंद्रियवाल्यांचं थोडं ऐकायचं, गोणीवाल्यांचं थोडं ऐकायचं, झालं! पण ही दोन्ही खतं जमिनीत निरनिराळी कामं करतात. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलं, की हिशेब बिघडतो.

हिशेब आधी नत्राचा पाहू. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असतं. हेक्टरी १० टन टाकलं तर जमिनीत ५० किलो नत्र जातं, पण त्यातला फार तर तिसरा हिस्सा पहिल्या हंगामात पिकाच्या हाती लागतो. बाकीचं सावकाश सुटतं. म्हणजे मिळाले जेमतेम पंधरा-सोळा किलो, आणि संकरित मक्याची शिफारस आहे १२० किलोच्या आसपास. शिवाय पीक गुडघ्याला लागल्यापासून तुरा येईपर्यंत मका नत्र झपाट्याने उचलतो, तर शेणखतातलं नत्र ओल आणि उष्णता ठरवतील त्या गतीने सुटतं. त्या नेमक्या दिवसांत हप्त्यांनी दिलेला युरियाच उपयोगी पडतो. नुसत्या शेणखतावर भरघोस पीक येतच नाही असं मात्र नाही. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून गव्हावर प्रयोग चालू आहे, आणि तिथे शेणखताच्या वाफ्यांनी रासायनिक खताच्या तोडीचं उत्पादन दिलं. पण तिथली मात्रा हेक्टरी ३५ टन, तीही दरवर्षी. एवढं खत आपल्याकडे किती गोठ्यांतून निघेल?

मग शेणखत सोडूनच द्यावं का? त्याचं उत्तर हिमाचलातल्या पालमपूरला मिळतं. तिथे १९७२ पासून मका-गहू या फेरपालटीवर दीर्घकालीन खतप्रयोग चालू आहे. ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षं फक्त नत्रखत दिलं, त्यांचं उत्पादन घसरत जाऊन अखेर शून्यावर आलं. मुळात आम्ल असलेली जमीन नत्रखताने आणखी आम्ल झाली आणि स्फुरद-पालाशाची भरपाई झाली नाही. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला शेणखत मिळालेले वाफे मात्र उत्तम पिकत राहिले.

यावर रास्त आक्षेप असा, की पालमपूरला दोष रासायनिक खताचा नव्हता, एकांगी खताचा होता. संतुलित खताबरोबर चुना दिलेले वाफेही चांगले पिकले. हे खरं आहे, आणि म्हणूनच ‘रासायनिक खताने जमीन मरते’ हे सरसकट विधान टिकत नाही. दुसरा आक्षेप असा, की महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनी आम्ल नाहीत, तेव्हा तो धडा इथे कशाला? आपली अडचण उलट्या बाजूची आहे. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद आणि जस्त बांधलं जातं, आणि जस्त कमी पडलं की मक्याच्या कोवळ्या पानांवर फिकट पट्टे उमटतात. शेणखत कुजताना तयार होणारी सेंद्रिय आम्लं यातलं काही मोकळं ठेवतात. शिवाय सेंद्रिय कर्ब वाढला की ओल धरली जाते आणि मुळांना हवा मिळते. ही कामं गोणीतल्या खताला जमत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा : जनावरं घटली, खत आणायचं कुठून? थोडंच असेल तर ते सगळ्या रानावर शिंपडण्यापेक्षा दरवर्षी एकेका तुकड्याला भरपूर द्यावं. शेणखताचा परिणाम पुढच्या हंगामांतही उरत असल्याने पाळीपाळीने सगळं रान सुधारतं. मात्र ते पुरतं कुजलेलं हवं. कच्च्या खतातून हुमणी आणि तणाचं बी शेतात येतं, आणि काडीकचरा जास्त असेल तर तो कुजताना पिकाचंच नत्र अडकतं. हेक्टरी १० टन चांगलं खत दिलं, तर युरियाची पाऊण गोणी कमी करायला हरकत नाही. त्याहून जास्त कपात पहिल्याच वर्षी केली, तर कणसं भरताना ती जाणवेल. राहिलेला युरिया किती हप्त्यांत आणि कधी द्यायचा, ते पुढच्या लेखात.

(क्रमशः)